कापसानेसची कोशर वाइन: जा, पण चालत जाऊ नका

स्पेनमधल्या कातालुन्या प्रांतातल्या कापसानेस गावात कोशर, म्हणजे यहुदी धर्मनियमांप्रमाणे बनवलेली, वाइन मिळते. पण मार्सा-फालसेत स्टेशनवर उतरून तिथे चालत जायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. बार्सिलोनाच्या हॉस्टेलमधल्या पोऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, गाडी थेट गावात थांबते. गावाला स्टेशन आहे हे खरं, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. माझी त्यातली नाही, हे मला रेऊस सुटल्यावर तपासनीसाकडून कळलं.

पाचेक किलोमीटर तर आहे, म्हटलं. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला काय मोठंसं! पण सिंहगडावर ट्रॅक्टर अंगावर येत नाहीत. सप्टेंबर म्हणजे द्राक्षतोडणीचा मोसम. रस्त्याला कडेची पट्टीच नाही, एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला बांध, आणि प्रत्येक वळणावर द्राक्षांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली. दोनदा कठड्याला पाठ लावून उभा राहिलो. सावली म्हणाल तर शून्य. नाशिककडे वेलींचा मांडव तरी असतो. इथली जुनी गार्नाचा जातीची वेल बुटक्या झुडपांसारखी सुटी सुटी उभी, गुडघ्याच्या जरा वर. लिटरभर पाणी निम्म्या वाटेत संपलं. दोन लिटर न्या, नाहीतर गाडी भाड्याने घ्या. परतताना टॅक्सी केली तर त्याने स्टेशनपर्यंतचे चाळीस युरो घेतले. आधी भाव ठरवला नाही, चूक माझी. बारमधल्या माणसाने नंतर आकडा ऐकून नुसत्या भुवया उंचावल्या.

या खटाटोपाचं कारण इस्राएलमधल्या अश्दोदच्या मावशी. त्या मूळ अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. लहानपणी शुक्रवारी संध्याकाळच्या किद्दूशला, म्हणजे पेल्यावरच्या प्रार्थनेला, वाइन कुठून मिळणार, म्हणून त्यांची आजी मनुका भिजवून सरबत करायची. आता मावशी चवीने वाइन घेतात आणि त्यांना कापसानेसची 'पेराख हा-आविव' हवी होती. नावाचा अर्थ वसंताचं फूल. गार्नाचा, कारिन्येना आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांचं मिश्रण. मावशींनी बजावलं, "बाळा, बाटली उघडायची नाही हं. तू ओतलीस की ती माझ्या उपयोगाची राहत नाही." ही वाइन 'मेवुशाल', म्हणजे तापवलेली, नसते. म्हणून गैरयहुदी माणसाने उघडून ओतली तर कोशर राहत नाही. सीलबंद बाटली मात्र कुणीही उचलावी.

एका टूरवाल्याच्या जाहिरातीत 'कातालुन्यातली प्राचीन यहुदी वाइन परंपरा' असं लिहिलं होतं. साफ खोटं. ज्यूंना स्पेनमधून 1492 मध्येच हाकललं. मध्ययुगीन यहुदी गल्ल्या बघायच्या तर जिरोनाला जा. कापसानेस हे शेतकऱ्यांचं गाव. इथली सहकारी वाइनरी 1933 ची, आणि कित्येक दशकं माल घाऊक विकणारी. 1995 मध्ये बार्सिलोनाच्या यहुदी समाजाने कोशर वाइन मागितली. त्यासाठी नवी यंत्रं, वेगळ्या टाक्या घ्याव्या लागल्या, आणि त्याच खर्चाने गावाला घाऊक धंद्यातून बाटलीबंद चांगल्या वाइनकडे वळवलं. परंपरा आहे ती इथल्या जुन्या वेलींची, आणि मला विचाराल तर ती पुरेशी आहे. प्रिओरात या नावाजलेल्या वाइन प्रदेशाला वेढून असलेल्या या पट्ट्याला मोन्सान्त हे स्वतंत्र भौगोलिक मानांकन 2001 मध्ये मिळालं.

खरी गंमत कामाच्या पद्धतीत आहे. द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळणाऱ्या यहुद्यांशिवाय कुणी रसाला हात लावायचा नाही. गावचा वाइनतज्ज्ञ काय करायचं ते सांगणार, नळ उघडणार दुसराच. वेलीची पहिल्या तीन वर्षांची फळं चालत नाहीत. त्यात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत हे सगळे सण नेमके तोडणीच्याच हंगामात. द्राक्षं काही सुट्टी घेत नाहीत. शनिवारी काम बंद हे ऐकून मला कोकणातले शनिवार तेली आठवले. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना आपल्याकडे हेच नाव होतं.

भेटीची वेळ आधी ठरवा आणि शनिवार टाळा. टाक्यांना सील असतं, फोटोसाठी हात टेकवू नका. वाइन गडद, दाट, चांगलीच कडक. सोबत मटणासारखं काहीतरी हवं. रिकाम्या पोटी घेऊन उन्हात निघालात तर तुमचं तुम्ही बघा. जवळच्या फालसेत गावात बार्सिलोनाचा प्रसिद्ध वास्तुकार गौदी याच्या शिष्याने, सेझार मार्तिनेलने, बांधलेली वाइनरी बघा, तास पुरे.

भारतात येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. बाटली ट्रेकच्या जाड मोज्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाकली. मावशी डिसेंबरात अलिबागला येणार आहेत. त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "सील नीट आहे ना?"