तुम्ही विचारलंत म्हणून: लिस्बनला मालासादा कुठे मिळतो?

लिस्बनला यायला निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, ‘तिथला मालासादा कुठे चांगला मिळतो?’ बहुतेकांनी तो हवाईच्या व्हिडिओत पाहिलेला असतो: गोल, तळून टम्म फुगलेला, साखरेत घोळवलेला, आत क्रीम. तर लिस्बनच्या दुकानांत तो शोधत बसू नका. तो बेटांवरचा, पोर्तुगालच्याच अटलांटिकमधल्या आसोरेस आणि मदेइराचा.

तिथेही त्याचं रूप निराळं. आसोरेसमधल्या साओ मिगेल बेटावर अंडी घालून यीस्टवर फुगवलेलं पीठ हाताने ताणतात. मध्ये पातळ, कडेला जाड, आत काहीही नाही. तळून काढायचा, वर साखर भुरभुरायची, झालं. मदेइरात त्यावर उसाची काकवी ओततात. पंधराव्या शतकापासून ऊस पिकवणाऱ्या बेटावर दुसरं काय ओतणार? दोन्हीकडे त्याचा मान ख्रिस्ती लोकांच्या राखेच्या बुधवाराआधी, म्हणजे बहुधा फेब्रुवारीत. बुधवारपासून ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, आणि जुन्या नियमाने मांस, चरबी, अंडी सगळंच बंद. घरातली डुकराची चरबी आणि अंडी संपवायची तर मंगळवारीच कढई चढवायला हवी. गोव्यात इंत्रुजाच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवसांत केळं घालून फिलोस करतात, ते याच हिशेबाने.

१८७८ साली मदेइराचे मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले, मागोमाग साओ मिगेलचे. त्यांच्याबरोबर मालासादाही गेला. होनोलुलूत १९५२ साली लेनर्ड्स बेकरी निघाली आणि तो तिथे घराघरांत पोचला. क्रीम ही नंतरची भर. मला विचाराल तर अनावश्यक.

पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर तळणाचा मोठा हंगाम नाताळचा. बैरा भागात फिल्योश करतात. गुडघ्यावर स्वच्छ फडकं टाकून त्यावर पीठ ताणायची जुनी रीत. कुठे पिठात लाल भोपळा शिजवून घालतात. सोन्यु नावाच्या गोळ्यांसाठी आधी मैद्याची उकड काढायची, मग त्यात एकेक अंडं फेटायचं. कोश्कोरोंइश पातळ लाटलेले, कुरकुरीत, संत्र्याच्या वासाचे. आणि दक्षिणेला आलेंतेजूत आझेविया: आत हरभऱ्याचं नाहीतर रताळ्याचं गोड पुरण, थेट आपली करंजीच. नाताळात एकच काही खायचं असेल तर मी आझेविया सांगेन. जत्रेतल्या फार्तुराला मात्र सणवार लागत नाही. पिठाची जाड गुंडाळी तेलात सोडतात, कात्रीने कापतात, दालचिनी-साखरेत लोळवतात.

राहता राहिला बोला द बर्लिम, म्हणजे बर्लिनचा गोळा. नावाप्रमाणे हा मूळचा जर्मनांचा. नाझींपासून जीव वाचवून पोर्तुगालला आलेल्या ज्यू कुटुंबांनी तो आणला. जर्मनीत आत जॅम असतो. इथल्या लोकांनी जॅम काढून अंड्याच्या पिवळ्या बलकाचं घट्ट क्रीम घातलं, तेही पोटात लपवून नव्हे. बाजूने चीर देऊन, बाहेर डोकावेल इतकं. एवढ्यावर तो पुरता पोर्तुगीज झाला. उन्हाळ्यात किनाऱ्यावर विक्रेते पेट्या घेऊन वाळू तुडवत ‘ओल्या आ बोला द बर्लिम!’ ओरडत फिरतात.

म्हणजे तुमचं तिकीट कधीचं, त्यावर उत्तर. फेब्रुवारीचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर साओ मिगेल गाठा. डिसेंबरचं असेल तर आझेविया. जुलै-ऑगस्टचं असेल तर पेटीवाला विचारेल, क्रीमचा की बिनक्रीमचा. क्रीमचाच घ्या, पण सकाळी. दुपारच्या उन्हात फिरलेल्या पेटीतला नको.