खिडक्या नसलेल्या वास्तूतला उजेड

आपल्या शाळेने भूमिती मनापासून शिकवली. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी वर्तुळावर उभ्या असलेल्या एका वास्तूबद्दल लिहितो: अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या आवारातले चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह. वास्तुकार ईरो सारिनेन, साल १९५५. आपले वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तिथली पदव्युत्तर पदवी घेतली, तीही त्याच वर्षी.

बाहेरून ते विटांचे साधे नळकांडे दिसते. व्यास ५० फूट, उंची ३० फूट, खिडकी एकही नाही. विटा मुद्दाम ओबडधोबड घेतल्या आहेत. आपला गवंडी खंगर, म्हणजे जास्त भाजून वेड्यावाकड्या झालेल्या, म्हणून बाजूला काढील अशा. काही तर भिंतीबाहेर डोकावतात, त्यामुळे उन्हात भिंतीला पोत येतो.

गोल खोलीत खरी अडचण आवाजाची. आत वळलेली भिंत आवाज एकवटते. मध्यावर उभे राहून बोलले, तर शब्द २५ फूट जाऊन तेवढेच परत येतो आणि सुमारे ०.०४५ सेकंदाने पुन्हा कानावर पडतो. विजापूरच्या गोल घुमटात आपण याच गुणाचे कौतुक करतो, पण प्रार्थनेत तो दोष ठरतो. म्हणून इथे बाहेरची भिंत नितळ गोल ठेवून आतली नागमोडी बांधली आहे. फुगवट्यांवर आपटून आवाज विखुरतो. अशी भिंत बांधणे सोपे नाही. सरळ विटेने वळण घ्यायचे तर दरजा, म्हणजे विटांमधल्या मसाल्याच्या फटी, पाचरीसारख्या होतात, आणि वळण फार आवळले तर एका बाजूला मसाला उरतच नाही. प्रत्येक फुगवट्याला फर्मा हवा, ओळंबाही वेगळा लावावा लागतो.

उजेड दोन वाटांनी येतो. छतातल्या गोल झरोक्यातून तो पांढऱ्या संगमरवरी वेदीवर उतरतो. वाटेत शिल्पकार हॅरी बर्टोइया यांनी तारांवर टांगलेले धातूचे पत्रे तो झेलतात. दुसरी वाट मला अधिक मोलाची वाटते. भोवती उथळ पाण्याचा खंदक आहे. पाण्यावरून परतलेले ऊन पायथ्याच्या बुटक्या कमानींतून वर चढते आणि नागमोडी विटांवर हलत राहते. खंदक कोरडा पडला की ही हालचाल संपते; पाण्यावर पालापाचोळा साचला तरी ती मंदावते.

पाहायला जायचे तर लख्ख उन्हाच्या दिवशी जावे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे नुसते बसावे. भिंतीवरची लहर त्यानंतर दिसू लागते.