बाईंची हरकत

स्मरणिकेसाठी लेख मागायला आमच्या बॅचच्या मित्राचा फोन आला तेव्हा मी सातपूरला, माझ्या वर्कशॉपमध्ये होतो. मशीनच्या आवाजात "बरं, बघतो" म्हणून मोकळा झालो. फोन खिशात ठेवतोय तोच मनात आलं, बाईंनी हे ऐकलं असतं तर काय म्हणाल्या असत्या? "बघतो म्हणजे काय रे? देणार आहेस की नाहीस?" लगेच फोन लावून मित्राला सांगितलं, देतो, आनंदाने देतो. तो जरा गडबडलाच.

बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. बाकीच्या शिक्षकांनीही खूप दिलं, त्यांच्यावर दुसरं कुणी लिहीलच.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली पोरं. त्यामुळे १९७९ साली आठवीत आलो तरी इंग्रजीतला होकार म्हणजे आमच्यापुरता एकच शब्द होता, येस. तोही हजेरीच्या सुरात, लांबवलेला. "जा रे, स्टाफरूममधून नकाशा आण" म्हटलं की "येऽऽस बाई". बाई म्हणायच्या, "हा होकार झाला की कण्हणं?" मग त्यांनी नियमच केला. काम सांगितलं की होकार इंग्रजीत द्यायचा आणि आधीच्या मुलाने वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही. खडू आणायलासुद्धा शब्द शोधावा लागायचा. पाठांतरवाल्या मुली पुढे गेल्या. ग्लॅडली, सर्टनली, विथ प्लेझर. आम्ही मागच्या बाकावर कोश उघडून बसायचो.

पण नुसता शब्द सापडून भागत नसे. "फळा पुसशील का?" याला मी एकदा मोठ्या रुबाबात "बाय ऑल मीन्स" म्हणालो. बाई हातातलं पुस्तक मिटून म्हणाल्या, "म्हणजे तू मला 'खुशाल' म्हणालास. मी परवानगी मागितली होती का?" विथ प्लेझर कामाच्या आधी म्हणायचं, काम झाल्यावर कुणी आभार मानले तर माय प्लेझर. ऑफ कोर्स मोठ्या माणसांना जपून, नाहीतर 'हे काय विचारणं झालं?' असा वास येतो. आणि विलिंगली, रेडिली हे शब्द आपण स्वतःबद्दल म्हणायचे नाहीत, दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणावेत. हे शेवटचं बाईंचं स्वतःचं व्याकरण असावं, पण मला अजून ते पटतं.

आता मूळ प्रसंग. जुलै महिना, वार्षिक तपासणी. बाहेर असा पाऊस की मधल्या सुट्टीत पोरांचा एकच विषय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं. तपासणीला आलेले साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि पावसाची झड त्यांच्या कागदांवर येऊ लागली. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "वुड यू माइंड शटिंग द विंडो?" मला फक्त 'विंडो' आणि 'शट' कळलं. बाईंची इभ्रत माझ्या हातात, असं समजून मी ताडकन उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "येस सर! विथ प्लेझर!"

साहेब हसले. का हसले ते वर्गात कुणालाच कळलं नाही. खिडकीचं लाकूड पावसाने फुगलेलं, फळी चौकटीत बसेना. मी तळहाताने मारली, खांद्याने रेटली, खिट्टी वाकडी झाली. शेवटी करगोट्यासारखी दोरी असायची ना आपल्या दप्तराला, ती सोडून गजाला बांधून टाकली. तोवर साहेबांचा अहवाल निम्मा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "काल साहेबांनी विचारलं, तुझी काही हरकत आहे का? आणि आमचा पठ्ठ्या म्हणाला, हो, आहे, आनंदाने आहे!" मग फळ्यावर 'माइंड' लिहून त्यापुढे 'मन' खोडलं आणि 'हरकत' लिहिलं. "मराठीत आपण काय म्हणतो? हरकत नाही. मग इंग्रजीतही नाहीच म्हणायचं. नॉट ॲट ऑल. होकार द्यायला नकार वापरायचा." एवढ्या दोन वाक्यांत जे समजलं ते मी नंतर कुठल्याही क्लासात शिकलो नाही. आज परदेशी गिऱ्हाईक ड्रॉइंग पुन्हा पाठवायला सांगतं आणि सुरुवात 'वुड यू माइंड'ने करतं, तेव्हा माझी जीभ आपोआप वळते. वर्कशॉपमध्ये चौदा माणसं आहेत, दोन सीएनसी आहेत, कर्ज फिटलंय. बाईंना हे सांगायचं राहून गेलं होतं म्हणून इथे लिहितो.

२००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. चांगलंच झालं. पण माझा नातू प्रत्येक गोष्टीला "शुअर" म्हणतो आणि सोफ्यावरून हलत नाही. व्हॉट्सॲपवर तर अंगठा दाखवला की झालं. लहानपणी अंगठा दाखवला की मारामारी व्हायची.

समारंभाला बाईंना आणायचं काम समितीने माझ्यावर टाकलंय. परवा फोन केला. त्यांचे गुडघे गेलेत आणि सभागृह दुसऱ्या मजल्यावर. भीत भीत विचारलं, "बाई, आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं तर चालेल ना?"

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण खुर्ची हातांची आणा. आणि तुम्ही चौघं आता साठीच्या घरात आहात, मध्ये एका मजल्यावर थांबा."

तेव्हा पहिल्या मजल्यावर, आठवी ब च्या दारात, एक बाक मोकळा ठेवावा ही समितीला विनंती.