थिसिसचं स्टॅट अन् विंचवाचा पेपर

एमडीला असताना आमच्या बॅचमधे थिसिसच्या स्टॅटचा (आकडेवारीच्या हिशोबाचा) एकच मार्ग माहीत होता, एक्सेल शीट कुणालातरी मेल करायची, पैसे द्यायचे अन् पी व्हॅल्यू नावाचा आकडा घेऊन यायचा. मी पण तेच करणार होतो, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कुणी विचारलं की बाबा ही टेस्टच का लावली, तर काय तोंड दाखवायचं? म्हणून पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) मॅडमकडं गेलो. त्या म्हणल्या, पुस्तक ठेव बाजूला, ज्यात तुला पेशंट दिसतेत असा एक पेपर (शोधनिबंध) घे अन् तेवढाच वाच.

मी विंचवाचा घेतला. आमच्याकडं लातूर-बीड साईडला पावसाळ्यात लाल विंचू चावलेले पेशंट नवे नाहीत, घामानं भिजलेलं, हातपाय गार पडलेलं लेकरू एकदा बघितलं की विसरत नाही. अन् पेपर डॉ. हिंमतराव बावस्करांचा, म्हणजे मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, काम सगळं तिकडं महाडला. बीएमजेत (ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे) 2011 ला आलाय. 70 पेशंट, 35 जणांना नुसतं प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी), 35 जणांना प्राझोसिन प्लस विंचवाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, अँटिव्हेनम.

मॅडमनी सांगितलं, पी व्हॅल्यूवर बोट ठेव, ती बघूच नको, आधी साधे आकडे सांग. 10 तासात पूर्ण बरे झालेले: लसवाल्यात 35 पैकी 32, नुसत्या प्राझोसिनमधे 35 पैकी 8. आता याला कशाला लागतंय कॅल्क्युलेटर! 91 टक्के अन् 23 टक्के, फरक 68 च्या वर, म्हणजे साधारण दीड पेशंटला लस दिली की एक जास्तीचा 10 तासात मोकळा, यालाच एनएनटी (नंबर नीडेड टू ट्रीट) म्हणतेत. मग कळलं की एवढा मोठा फरक असला की 35-35 मधे पण दिसतो, बारीक फरक पकडायचा असला तरच पेशंट लई लागतात. उलट दोन हजार पेशंट घेतले तर हिमोग्लोबिनमधला 0.2 चा फरक पण सिग्निफिकंट (नुसता योगायोग म्हणून सोडता न येणारा) येऊ शकतो, पण त्यानं बाईचा थकवा जाणारंय का?

मग कॉन्फिडन्स इंटरव्हल. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ लसवाल्यात 8 तास (इंटरव्हल 6.5 ते 9.5), नुसत्या प्राझोसिनमधे 17.7 (15.4 ते 19.9). दोन्ही रेंज एकमेकीच्या जवळपास पण येत नाहीत. अशी स्टडी परत परत केली तर 100 पैकी 95 वेळा अशा रेंजमधे खरा आकडा सापडावा, एवढाच त्याचा अर्थ.

पी व्हॅल्यू शेवटी. औषधानं काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता किती, बस. औषध चालण्याची शक्यता 95 टक्के असं नाही (हे आमचे सिनियर पण छातीठोक सांगायचे). 0.05 ची रेघ (पी त्याच्या खाली आला तरच रिझल्ट सिग्निफिकंट) रोनाल्ड फिशर या स्टॅटच्या शास्त्रज्ञानी 1925 च्या पुस्तकात सोयीची म्हणून धरली, अन् आपण ती देवाची म्हणून पूजतो.

एक गोष्ट मात्र मॅडमनी माझ्याकडूनच काढून घेतली, ट्रायल ओपन लेबल होती, कुणाला लस दिली हे बघणाऱ्या डॉक्टरला माहीत होतं, तर "बरा झाला" हे ठरवताना मन थोडं इकडं तिकडं होऊ शकतं. पी कितीही बारीक असू द्या, त्याला ते दिसत नाही.

माझ्या थिसिसमधे मेन रिझल्टचा पी 0.08 आला. गाईड म्हणले, बघ जरा, दोन-चार केसेस काढून 0.05 च्या आत बसतंय का. मी शेजारी इंटरव्हल लिहून टेबल तसंच ठेवलं, दोन दिवस बोलले नाहीत, मग सही केली.