कोल्हापुरात रात्री दूध पितात

"दादा, रात्री इथं काय असतं?"

मध्यवर्ती बसस्थानकावरून मोटारसायकलवर मागे बसता बसता मी विचारलं. नाइटलाइफ हा शब्द अगदी तोंडात आला होता, तो गिळला. मैत्रिणीचा थोरला भाऊ मान न वळवता म्हणाला, "असतंय की. जेवायचं आणि दूध प्यायला जायचं."

मला वाटलं, चेष्टा चालू आहे. नाशिकहून सकाळी निघालेली, पुण्यात गाडी बदललेली, अंग आंबलेली बाई दिसली की कोल्हापूरकराला चेष्टा सुचणारच. मी काही बोलले नाही. शिवाय पोट बिघडलेलं होतं. दुपारी गाडी हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलासमोर थांबली होती आणि तिथे मी 'स्पेशल कोल्हापुरी थाळी' मागवायचा मूर्खपणा केला होता. पांढरा रस्सा म्हणून जे आलं ते कॉर्नफ्लॉवर घातलेलं सूप होतं, आणि तांबडा म्हणजे लाल रंगाचं तेल. दोन दिवसांनी खरा पांढरा रस्सा प्यायले तेव्हा त्या हॉटेलवाल्याचा राग नव्याने आला.

मैत्रिणीचं माहेर मंगळवार पेठेत. दारातच काकू उभ्या. "ये ये. मी आत्ताच देवळातनं आलो बघ," काकू म्हणाल्या. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती हसली. कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो', 'करतो' असंच बोलतात. माझ्यातल्या माजी मराठीच्या बाईंना पहिल्या दिवशी खटकलं. दुसऱ्या दिवशी रात्री मीच "काकू, मी भांडी घासतो" म्हणाले आणि सगळं घर हसलं.

शुक्रवार म्हणजे देवीचा वार, घरात वशाट, म्हणजे मांसाहार, नाही. पिठलं, भाकरी, खर्डा खाऊन आम्ही चालतच अंबाबाईच्या देवळात गेलो. दर शुक्रवारी रात्री तिथे पालखी निघते. दिवसाची दर्शनाची रांग मी आधी दोनदा अनुभवलेली आहे आणि तिच्याबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही. रात्रीचं देऊळ मात्र निराळं. दिवसभर तापलेली फरशी पायाला कोमट लागते, बाहेरगावची गर्दी ओसरलेली असते, आणि उरतात ती पेठांमधली माणसं. दुकान बंद करून आलेले, जेवून शतपावलीला आलेले, नातवाला कडेवर घेऊन आलेले आजोबा. पालखी पुढे गेली की हात जोडायचे, आणि शेजारच्याशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करायचं.

बाहेर पडल्यावर मैत्रीण म्हणाली, "चल, कॉकटेल खाऊ."

पिऊ नाही, खाऊ. इथं कॉकटेल म्हणजे आइस्क्रीम. काचेच्या उभ्या ग्लासात फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा आणि वर आइस्क्रीमचे गोळे. चमचा तळापर्यंत नेऊन सगळं ढवळायचं की वरवरून खात जायचं, यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. सोळंकींकडे रात्री अख्खी कुटुंबं हे खायला येतात. आमच्या शेजारच्या टेबलावर एक पैलवानी बांध्याचा माणूस एकटा, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, ग्लासातली चेरी शेवटच्या घासासाठी बाजूला सारत होता. मला स्वतःला जेली आवडत नाही. ती मी मैत्रिणीच्या ग्लासात टाकली.

बार नाहीत असं कुणी समजू नये. स्टेशन रोडला, शाहूपुरीत, हायवेकडे परमिट रूमना तोटा नाही, आणि गोवा काही फार लांब नाही. पण बार कुठल्याही गावात असतात. त्यासाठी बारा तासांचा प्रवास कशाला करायचा?

शनिवारी पन्हाळा केला. पाऊस नुकताच सरला होता, गडावर मावशींकडे झुणका-भाकर खाल्ली. गडाबद्दल सवडीने लिहीन. संध्याकाळी परतलो तेव्हा दादा म्हणाला, "आता खासबाग."

खासबागचं मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, 1912 साली. 1902 मध्ये महाराज युरोपात गेले होते, तेव्हा रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि तसं काहीतरी आपल्या पैलवानांसाठी हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती वर चढत गेलेली बैठक, म्हणजे कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. तेही शाहू महाराजांच्याच काळातलं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. "त्या रात्री पेठेतली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती," मैत्रीण म्हणाली. त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही.

याच परिसरात खाऊगल्ली आहे आणि राजाभाऊंची भेळ. भेळेबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तिच्यात गूळ-चिंच आणि मिरची यांचं भांडण लागत नाही, आणि चुरमुरे शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहिले. बाकी दावणगिरी लोणी डोसा, पाणीपुरी वगैरे सगळ्या गावांत असतं ते सगळं आहे.

तिथून भाऊसिंगजी रोडला चहा घेतला. टपरी साधीच, चहाही साधाच. पण दादानं ग्लास हातात देताना विचारलं, "गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल ठाऊक आहे काय ताई?" मला पुसटसं आठवत होतं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. दलित असून पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन स्वतःचा धंदा काढायला लावलं. त्यांनी याच रस्त्याला चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक कसलं येतंय! मग महाराजांनी काय करावं, तर गाडी हॉटेलासमोर थांबवायची, आणि भर रस्त्यात गंगारामांच्या हातचा चहा मागवून प्यायचा. बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यावा लागायचा. राजानं प्यायल्यावर नाही कसं म्हणणार? दादा हे इतक्या तपशिलात सांगत होता की जणू कालच बाजूला उभं राहून पाहिलंय. नंतर ग्लास ठेवून म्हणाला, "चला. आता दूध."

म्हणजे ती चेष्टा नव्हतीच.

गंगावेशीत आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. रस्त्याच्या कडेला दिव्याच्या उजेडात म्हशी बांधलेल्या. काळ्याभोर पंढरपुरी म्हशी, मागे खांद्यापर्यंत गेलेली तलवारीसारखी शिंगं. समोर मोटारसायकली, स्कूटर, एक चारचाकी, आणि कट्ट्यावर बसलेली माणसं. हाच दूध कट्टा. गिऱ्हाईक आलं की गवळी म्हशीखाली बसतो, धार काढतो आणि तेच दूध ग्लासात देतो. ना तापवणं, ना पिशवी, ना फ्रीज.

मी जरा मागे उभी राहून पाहत होते. आधी चरवीच्या तळावर धार पडायचा टणक आवाज येतो. मग दूध वर चढतं तसा तो आवाज मऊ होत जातो, आणि शेवटी नुसता फेसात बुडाल्यासारखा. गवळीमामा आवाजावरूनच थांबत होते, चरवीत डोकावतही नव्हते. म्हैस रवंथ करत उभी, शेपटी फक्त डावीकडेच मारायची. त्यामुळे सगळी रांग उजवीकडून.

"साखर घालू काय?" मामांनी विचारलं. दादानं माझ्या वतीनं परस्पर सांगितलं, "पहिल्यांदाच पितायत त्या. तसंच द्या."

ग्लास हाताला कोमट. अंगाइतकाच ऊन असतो तेवढा. वरचा चार बोटं नुसता फेस. मी लहानपणापासून दुधाच्या नावानं नाक मुरडणारी. सायीचा कण दिसला तरी गाळणी मागणारी. पण या दुधाला साय यायला वेळच मिळालेला नसतो! पहिला घोट जड लागला, किंचित गोड, आणि त्यात गवताचा वास होता. दुसऱ्या घोटाला वास जाणवला नाही. अर्धा ग्लास झाल्यावर मी मिशी पुसली. सगळेच पुसत होते.

आमच्या बाजूला तालमीतली दोन पोरं होती, कान मोडलेली. त्यांच्यासाठी हा खुराक. शहरातल्या तालमी, पैलवान, बदामाची थंडाई आणि ही म्हैस यांचं नातं जुनं आहे. पण पैलवानांपेक्षा साधी माणसंच जास्त होती. एक गृहस्थ घरून स्वतःचा पितळी पेला घेऊन आले होते. एक बाई नवऱ्याला सांगत होती, "मी अजून अर्धा घेतो." दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशी रंगवतात, सजवतात आणि मोटारसायकलच्या मागे पळवतात, हे मामांनी सांगितलं. "आमची ही नंबरात असते," असं म्हणून त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. तिने शेपटी डावीकडे मारली.

(कच्चं दूध सगळ्यांना मानवतंच असं नाही. ज्यांचं पोट नाजूक त्यांनी बघून घ्यावं. माझं हायवेवरच्या थाळीनं बिघडलेलं पोट, का कुणास ठाऊक, त्या रात्री शांत होतं.)

मग रंकाळा. रात्री तलावाच्या कठड्यावर अख्खं गाव बसलेलं असतं. पाठ रस्त्याला आणि तोंड पाण्याला. कणसं, भेळ, फुगे, पलीकडे शालिनी पॅलेस. कुणीतरी मोबाइलवर फुटबॉलची मॅच लावली होती आणि भोवती आठ-दहा डोकी. इथं पेठापेठांचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यावरून जुनी भांडणं आहेत. मी चुकून "फुटबॉल? मला वाटलं कुस्ती" म्हणाले, आणि त्यावर मला वीस मिनिटांचं व्याख्यान मिळालं.

रविवारी सकाळी काकूंनी मटण चढवलं. कोल्हापुरात मटण हा जेवणातला पदार्थ नाही, तो सार्वजनिक प्रश्न आहे. 2019 च्या अखेरीस मटणाचे दर वाढले तेव्हा या गावानं त्यावर आंदोलन केलं होतं. मी काकूंशेजारी ओट्याला टेकून उभी राहिले. मटण आलं-लसूण, हळद, मीठ घालून शिजलं की वरचं पाणी वेगळं काढलं. ती आळणी. त्यातली एक-एक वाटी आधी घरातल्या दोन लहान पोरांना. मग उरलेल्या आळणीचे दोन वाटे. "चटणी दे गं," काकू म्हणाल्या. मी फ्रीज उघडला. सगळे परत हसले. चटणी म्हणजे बरणीतली, डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणीची. वर्षाची एकदम करतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि त्यात सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला. ती पडली की तांबडा रस्सा.

पांढऱ्याला मिरची नाही. खसखस, काजू, तीळ वाटून, तुपात मिरी-दालचिनी-वेलदोडा परतून आळणी ओतली. सगळ्यात शेवटी नारळाचं दूध, आणि त्या क्षणापासून काकूंनी पातेल्यावरची नजर काढली नाही. दारात कुणीतरी हाक मारली, तरी नाही. "उकळी आली की फुटतंय," एवढंच म्हणाल्या. कडेला पहिला बुडबुडा दिसला आणि गॅस बंद.

पांढरा वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. तिखट नसतो, मिरीची ऊब घशात मागून येते. तांबडा दिसायला जाळ, खायला तसा नाही. चव आधी, तिखट नंतर. नाशिकला मेन्यूत 'व्हेज कोल्हापुरी' नावाखाली जे डोळ्यांतून पाणी काढतात, त्याचा या गावाशी काय संबंध, असं मी काकूंना विचारलं. त्यांना व्हेज कोल्हापुरी हा शब्दच समजला नाही.

सोमवारी सकाळी माझी गाडी, त्याआधी मिसळ. फडतऱ्यांची उद्यमनगरातली भारी की बावड्याची, यावर त्या घरात उभे दोन पक्ष. भांडण मिटेना तेव्हा दादा पेठेतल्याच एका छोट्या ठिकाणी घेऊन गेला. मटकी, बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, कांदा, वरून कट, बाजूला पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. स्लाइस कटात बुडवला की क्षणात विरघळतो, म्हणून चपळाईनं खावं लागतं. माझे दोन बुडाले. कट संपायच्या आत पोऱ्या न विचारता परत ओतून गेला.

"काय ताई, नाशिकची भारी का आमची?" दादानं विचारलं. या प्रश्नाची मी तीन दिवस वाट पाहत होते.

"आमच्याकडे बरोबर पापड देतात," मी म्हणाले.

दादानं जरा विचार केला. "पापड कशाला? मिसळ कमी देतात काय?"