बांगाईचा कार्डिनल: कमरेएवढ्या पाण्यात

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या लुवुक बंदरातून बोटीने बांगाई बेटांवर आलो, पण डायव्हिंगची टाकी इथे लागतच नाही. बांगाई कार्डिनल हा मासा राहतो दीड-दोन मीटर पाण्यात, वारा-लाटांपासून आडोसा असलेल्या खाडीत. मुखवटा आणि स्नॉर्केल पुरतात. समुद्रगवत आणि प्रवाळ जिथे मिसळतात, तिथे आधी लांब काट्यांचे काळे सी अर्चिन (तळाशी राहणारे गोल, काटेरी प्राणी) शोधायचे. मासा त्या काट्यांतच असतो: जेमतेम बोटभर, रुपेरी, अंगावर तीन काळे उभे पट्टे, परांवर पांढरे ठिपके.

सी अर्चिनला सावली कळते. सावली पडली की काटे तिकडे वळतात आणि मासे आत दडतात. म्हणून सकाळी, ऊन तिरपे असताना, सूर्याकडे तोंड करून तरंगत जावे. सावली मागे पडते. पाय मात्र टेकू नयेत. हे काटे पातळ मोजे आणि हातमोजेही भेदतात. काटा टोचलाच तर सुईने उकरू नये, तो ठिसूळ असतो, आतच तुकडे होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवावा. सांध्याजवळ रुतला असेल तर डॉक्टरच गाठावा.

दहा मिनिटे हललो नाही की थवा बाहेर येतो. मग जबडे पाहायचे. ज्याचा खालचा जबडा फुगलेला, तो नर. तोंडात अंडी किंवा पिल्ले आहेत. अंडी सुमारे वीस दिवस तोंडात उबवतो, फुटल्यावरही पिल्लांना आणखी आठ-दहा दिवस तिथेच ठेवतो, आणि या सगळ्या काळात जवळजवळ काही खात नाही. अशा नराच्या मागे लागू नये, घाबरला तर तो अंडी टाकून देतो.

बहुतेक प्रवाळमाशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात. याची जात नाहीत. तोंडातून सुटली की लगेच जवळच्या काट्यांत किंवा समुद्रफुलात (सी ॲनिमोन, तळाला चिकटलेला फुलासारखा प्राणी) शिरावे लागते, नाहीतर आपल्याच जातीचे मोठे मासे गिळतात. त्यामुळे काही किलोमीटरवरचे थवेही आनुवंशिकदृष्ट्या वेगळे निघतात. मला हीच याची सर्वांत नाजूक बाजू वाटते: एक खाडी मत्स्यालयांसाठी उपसली, किंवा तिथले सी अर्चिन आणि समुद्रफुले काढून नेली, तर शेजारच्या खाडीतून मासे येऊन ती भरत नाही. 2007 सालापासून हा मासा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे.

सुलावेसीच्याच उत्तर टोकाजवळ लेंबेहच्या सामुद्रधुनीतही तो दिसतो, पण तिथे माणसाने आणून सोडलेला. मूळ घर हेच.