करडू ओरडलं आणि पान्हा फुटला

सेलू, जूनचा शेवटचा आठवडा

शेजारच्या वाड्यात बकरी व्यालीय. आज तिन्हीसांजेला तिचं करडू आईसाठी ओरडायला लागलं आणि इकडे माझ्या छातीत झिणझिण्या येऊन ब्लाउज ओलाचिंब. माझं लेकरू पाळण्यात गाढ झोपलेलं. आजी ज्वारी निवडत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भिंतीपलीकडं, आणि सूप बाजूला ठेवून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "बाई गं माय, बकरीच्या लेकरालाबी पान्हा सोडायलीस की तू!" काय झालं म्हणून आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन पळत आली. मग तिघीही हसत बसलो. करडू काही गप बसेना आणि दूध काही थांबेना.

हे लिहून ठेवायलाच पाहिजे असं आज वाटलं. दिवस गेल्यापासून जो तो मला अंगावर पाजण्याबद्दल सांगायचा ते सगळं काळजीचंच. शेपू खा, डिंकाचे लाडू खा, अळिवाची खीर पी, वांगं खाऊ नको, अंगावरचं पुरेल ना, लेकराला घेता येईल ना. यात हसायलाही भरपूर मिळतं, हे एकीनंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिले दिवस मला पुष्कळ सोपे गेले असते, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या आशाताईंनी याचं कारण छान समजावलं. लेकरू चोखायला लागलं की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. हे दुसरं फार हळवं. लेकरू रडलं, नुसती त्याची आठवण झाली, तरी ते सुटतं. पण आई घाबरलेली असली, कुठं दुखत असलं, डोक्याला ताण असला की तेच अडून बसतं. म्हणजे बाळंतिणीला धाक घालून दूध वाढत नाही, तिला मोकळं ठेवलं की ते आपसूक येतं.

आणि माझ्याकडं तर बघायला येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातूनच विचारायची, "दूध हाय का गं?" लगेच माझे खांदे कानाला लागायचे. सुरुवातीला नुसता चीक येतो, तोही थोडाच, आणि नव्या जिवाच्या एवढ्याशा पोटाला तो पुरतो. हे मला माहीत होतं, तरी जीव घाबरा व्हायचा. मग दूध भरून आलं, छाती टणक झाली. लेकराला नीट धरता येतंय का, हे बघायला आजी अगदी तोंडाजवळ वाकली. लेकरानं दोन घोट घेतले, ठसका लागला, तोंड सोडलं आणि दुधाची चिळकांडी सरळ आजीच्या चष्म्यावर! खोलीत सगळे चिडीचूप. आजीनं शांतपणे चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि म्हणाली, "मोतीबिंदू काढल्यावरबी एवढं साफ दिसलं नव्हतं मला." मी इतकी हसले की टाके दुखले. त्यानंतर मात्र पाजायला बसताना माझे खांदे कधी आखडले नाहीत.

लेकराचं पिणं बघत बसावं असंच असतं. आधी मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून, कुणीतरी हिसकावून घेईल अशा घाईनं. हळूहळू आठ्या जातात, मूठ सुटते, एक एक बोट उघडतं. शेवटी हात खाली पडतो, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा थेंब ओघळतो आणि साहेब बेशुद्ध. गादीवर टेकवला की टक्क जागा. आणि आवाज तर विचारू नका. परवा रात्री ह्यांचा नांदेडहून फोन आला. दोन मिनिटं बोलल्यावर म्हणाले, "एवढ्या रात्री चहा प्यायलीस का? किती भुरके मारायलीस!" मी फोन लेकराच्या तोंडाजवळ नेला. पलीकडं हसणं थांबेचना.

मामा आले तेव्हा तर कहरच. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच लेकरानं भोकाड पसरलं. मी पदर ओढून पाजायला घेतलं. उठून जावं तर भाचीला वाईट वाटेल आणि बसावं तर बघावं कुठं, म्हणून मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. अख्खा जून वाचला. एकादशी कधी, चतुर्थी कधी, मृग कधी लागला, सगळं मोठ्यानं. मग जुलैचं पान उलटलं. आई म्हणाली, "दादा, दिवाळीपस्तोर पोचता का आता?" तेव्हा कुठं मामाही हसले आणि खोलीतला अवघडलेपणा गेला. घरातल्या पुरुषांनी असंच जवळ बसावं, कॅलेंडर वाचत का होईना.

मे महिन्यात मात्र घरात मोठा वाद झाला. पारा बेचाळिसावर, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि आजीचं म्हणणं, लेकराला चमचाभर पाणी द्याच, घसा कोरडा पडंल. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असतं, त्यामुळं मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही लेकराची तहान त्यावरच भागते. तहान लागली तर जास्त वेळा पाजायचं, एवढंच. आशाताईंनी हे सांगितल्यावर आजी विचारात पडली. मग तिनं तांब्या उचलला आणि माझ्या हातात दिला. "मग त्याचं पाणीबी तूच पी." त्या दिवसापासून लेकरानं तोंड लावलं की आजी तांब्या घेऊन हजर. कधी पाणी, कधी ताक.

मागच्या आठवड्यात परभणीला काकूंकडं जाऊन येताना स्थानकावरच्या हिरकणी कक्षात बसले होते. आणखी दोघी होत्या, एक गंगाखेडची, एक जिंतूरकडची. जिंतूरवालीचं लेकरू रडलं आणि तिघींनी एकाच वेळी पदर छातीशी दाबून धरले! ओळख ना पाळख, तिघी एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसलो. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट शाळेत ऐकली होती. तेव्हा तिच्या धाडसाचं नवल वाटायचं. आता तिच्या दाटलेल्या छातीची कळ आधी आठवते. गंगाखेडवाली म्हणाली, "माझं तर टीव्हीवरचं लेकरू रडलं तरी सुरू होतंय." मी तिला करडाबद्दल आज सांगू शकले असते.

1 ते 7 ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो. अंगणवाडीत येऊन चार शब्द बोल, असं आशाताई म्हणाल्यात. फायदे त्या सांगतीलच. मी चष्मा, कॅलेंडर आणि करडू सांगणार आहे. पोटुशी बाई हसत घरी गेली पाहिजे.

आणि आबांचा हिशोबही. दूध पुरतंय की नाही हे लंगोटांवरून कळतं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला निदान सहा ओले झाले की निश्चिंत राहा, असं आशाताई बोलून गेल्या. आबांनी ते मनावर घेतलं. कारखान्याला ऊस घालताना टनाचा हिशोब ठेवावा तसा ते रोज दाराच्या चौकटीवर खडूनं रेघा ओढतात. आत्याबाईंचा आज फोन आला, नेहमीसारखं "दूध पुरतं का हो पोरीचं?" आबांनी चष्मा लावला आणि अख्ख्या आठवड्याच्या रेघा वारानुसार वाचून दाखवल्या. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक हाय, पण ह्या पावसात वाळतात कुठं?"